पिवळी वायर

सोलापूरचं घर भाड्यानं द्यायचं ठरलं, तेव्हा आईनं पुण्याला न्यायच्या सामानाची यादी केली. पाटा-वरवंटा नाही, पितळी डबे नाहीत, शिलाई मशीन नाही. ‘तुझ्याकडे जागा कुठंय?’ असं म्हणत तिनं एकेका वस्तूवर काट मारली. पण ट्रंकेतून एक खोका मात्र बाहेर काढला आणि काही न बोलता माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. आत आमचा नव्वदच्या दशकातला व्हिडिओ गेम होता. तोच तो, दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि हजारो गेम असल्याचा दावा करणारी पिवळी कॅसेट. त्यातले खरे गेम दहा-पंधरा, बाकी त्यांचेच वेगळे आकडे.

मला वाटलं, माझ्या आणि दादाच्या आठवणीसाठी आणला असेल. आठवड्याभरानं भाजी निवडता निवडता ती म्हणाली, ‘ते जोडून दे की एकदा. बदकांचा गेम बघू चालतो का.’

मग कळलं ते असं. आम्ही शाळेत, बाबा कामावर आणि आजी झोपलेली, अशा दुपारी दोन ते साडेतीनमध्ये आई ‘डक हंट’ खेळायची. रोज नाही, पण बऱ्याचदा. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून, कारण आजीची झोप सावध होती. खेळून झालं की गेमची वायर काढून केबलची पुन्हा लावून ठेवायची, म्हणजे आजी उठून सिरियल लावायला गेली तर मुंग्या दिसायला नकोत. आम्हाला वीसेक वर्षं याचा पत्ता नव्हता.

आता हे जोडायचं म्हणजे काय, तर गेमच्या मागे दोन भोकं, एक पिवळं, एक पांढरं. माझ्या टीव्हीच्या मागे तीन एचडीएमआय, एक यूएसबी, एक इंटरनेटच्या वायरीचं. पिवळं कुठेच नाही.

पहिल्यांदा मी केलं ते तुमच्यातल्या निम्म्यांनी केलं असतं. ऑनलाइन शोधून एक केबल मागवली. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला लाल, पिवळी, पांढरी पिन. दोनशेच्या आत. आली, दोन्हीकडे अगदी घट्ट बसली आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’. तासभर झटापट केल्यावर वाचलं की ही केबल या कामाला चालतच नाही. पिवळ्या वायरीतून जातो तो व्होल्टेजचा सलग चढउतार, आणि एचडीएमआयला हवे असतात आकडे. मध्ये कोणी ते चढउतार मोजून त्यांचे आकडे केले नाहीत, तर तांब्याला तांबं जोडून काही होत नाही. पिना बसल्या म्हणजे बोलणं झालं, असा विकणाऱ्याचा समज असावा. किंवा घेणाऱ्याचा समज तसा असणार, हे त्याला पक्कं ठाऊक असावं.

मग एक छोटी पांढरी डबी मागवली. ती आली आणि तीही चालेना. डबीवर लिहिलेलं होतं ‘एचडीएमआय टू एव्ही’. मला हवी होती ‘एव्ही टू एचडीएमआय’. दोन्ही डब्या दिसायला जुळ्या बहिणी, नावातले शब्दही तेच, फक्त क्रम उलटा. पण एकीचं काम दुसरी करत नाही. नव्याचं जुन्यासाठी रूपांतर करणारी डबी जुन्याचं नव्यासाठी करत नाही. रूपांतराला दिशा असते.

तिसऱ्या खेपेला बरोबर डबी आली. तिला स्वतःची वीज लागते, यूएसबीमधून पाच व्होल्ट. ती दिली आणि पडद्यावर निळं आकाश आलं, हिरवं गवत आलं. आई सोफ्यावर पुढे सरकून बसली. ‘बदकं फुगलीयत गं,’ म्हणाली. खरंच फुगली होती. चारास तीन आकाराचं चित्र सोळास नऊच्या पडद्यावर ताणलं गेलं होतं. सेटिंगमध्ये जाऊन ते नीट केलं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. आईनं बंदूक उचलली, डोळा बारीक केला आणि चाप ओढला.

बदक उडून गेलं. पुन्हा. पुन्हा. तीन गोळ्या संपल्या आणि गवतातून तो कुत्रा वर येऊन तोंडावर पंजा ठेवून हसला. आई दचकली. ‘हा आवाजानं हसतो होय?’ इतकी वर्षं तिनं तो मुका पाहिला होता.

तिनं दहा बदकं सोडली. एकही लागलं नाही. मी जवळ जाऊन, नळी पडद्याला टेकवून चाप ओढला, तरी लागलं नाही.

यामागचं कारण मला इतकं आवडलं की ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या बंदुकीतून काहीच सुटत नाही. ती बंदूक नाहीच, तो एक डोळा आहे. चाप ओढला की गेम क्षणभर पूर्ण पडदा काळा करतो आणि मग बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक भाग बसवलेला असतो. त्याला नेमक्या त्या क्षणी उजेड दिसला तर नेम लागला, नाहीतर चुकला. दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकापाठोपाठ, आणि कितव्या चौकोनाच्या वेळी उजेड दिसला त्यावरून कुठलं बदक मेलं ते ठरतं. हे सगळं सेकंदाच्या अगदी लहान तुकड्यात. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत सिग्नल आला की त्याच क्षणी उजेड पडायचा, मध्ये कोणी थांबत नसे. माझ्या घरात मात्र ती डबी आधी अख्खं चित्र घेते, मोजते, मोठं करते, मग टीव्ही ते त्याच्या पद्धतीनं आणखी चकचकीत करतो. पांढरा चौकोन दिसतो, पण उशिरा. तोवर गेमनं ‘चुकला’ असं लिहून टाकलेलं असतं. शिवाय बंदुकीचा डोळा त्या नळीच्या विशिष्ट लुकलुकण्यालाच ओळखतो, एलसीडीचा उजेड त्याला उजेड वाटतच नाही.

म्हणजे चित्र आलं, रंग आले, आवाज तर पूर्वीपेक्षा जास्त आला. फक्त आईचा नेम त्या चित्राला लागेनासा झाला.

आई म्हणाली, ‘राहू दे. दिसलं ना, बास झालं.’

इथपर्यंतची गोष्ट मी ऑफिसात गंमत म्हणून सांगितली आणि सगळे हसले. मीही हसले. पण त्या ‘राहू दे’नं मला नंतर त्रास द्यायला सुरुवात केली.

आमच्या भाषेत ‘जुळवून घे’ असा एक सल्ला आहे. वाचणाऱ्या मुलींना तो कधी मिळतो हे सांगायला नको. आई बार्शीहून सोलापूरला सून म्हणून आली तेव्हा तिलाही तो मिळाला होता. मी अठराव्या वर्षी पुण्यात कॉलेजला आले तेव्हा मलाही मिळाला, फक्त शब्दांत नाही. मी ‘काय करायलास?’ म्हटलं की वर्गात कोणीतरी ते हळूच पुन्हा म्हणायचं. दोन महिन्यांत मी ‘काय करतोयस?’ म्हणायला शिकले. तेव्हापासून एक डबी माझ्या आत चालू आहे. सोलापूरच्या फोनवर ती बंद होते, पुण्याच्या फोनवर आपोआप चालू होते. तिची वीज माझी मीच भरते.

‘जुळवून घे’ हे वाक्य ऐकायला किती समंजस वाटतं. त्यात कर्ता मात्र एकच असतो. जुळणं ही दोघांची गोष्ट, जुळवून घेणं ही एकाची. आणि ते एक कोण, हे बोलणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. डबीवर छापलेलं असतं तसं.

नवं आणि जुनं समोरासमोर आलं की जुन्यानंच वाकायचं, असं आपण गृहीत धरतो. अपडेट करा, नाहीतर ॲप चालणार नाही. पण ज्या पिवळ्या वायरीमुळे हा सगळा उद्योग झाला, तिचा इतिहास उलटा आहे. अमेरिकेत १९५० साली रंगीत टीव्हीची एक पद्धत सरकारी मंजुरी मिळवून बसली होती. सीबीएस कंपनीची. चित्र चांगलं होतं, पण एक अडचण होती. लोकांच्या घरात तोवर लाखो ब्लॅक अँड व्हाइट संच आले होते आणि त्यांच्यावर हे रंगीत कार्यक्रम रंगीत तर सोडाच, काळेपांढरेही दिसत नव्हते. १९५१मध्ये प्रक्षेपण सुरू झालं आणि काही महिन्यांत बंद पडलं. मग डिसेंबर १९५३मध्ये दुसरी पद्धत मंजूर झाली, एनटीएससी. तिच्यात चित्राचा उजेड-अंधार पूर्वीसारखाच पाठवला जाई आणि रंगाची माहिती त्याच सिग्नलच्या पोटात एका बारीक लहरीवर लपवलेली असे. जुना संच उजेड-अंधार वाचायचा आणि खूश राहायचा. नवा संच रंगही शोधून काढायचा. नव्यानं जुन्याला कळेल अशा भाषेत बोलायचं ठरवलं होतं.

याची किंमत नव्यानं मोजली. रंग आणि उजेड एकाच वाटेनं गेल्यामुळे दोन्ही एकमेकांत सांडतात. बारीक पट्ट्यांचा शर्ट घातलेला निवेदक इंद्रधनुष्यासारखा चमकतो, लाल अक्षरांच्या कडेला मुंग्या चालल्यासारखं दिसतं. रंगाची लहर आणि आवाजाची लहर एकमेकींना त्रास देऊ नयेत म्हणून सेकंदाला ३० चित्रांचा वेग किंचित कमी करावा लागला, २९.९७ झाला. तुमच्या फोनवर व्हिडिओ एडिट करायचं एखादं ॲप असेल तर त्यात हा विचित्र आकडा बघा. सत्तर वर्षांपूर्वी कुणाच्या तरी घरातला जुना टीव्ही चालत राहावा म्हणून केलेली तडजोड अजून तिथे बसली आहे.

आपल्याकडे १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं ते पाल पद्धतीनं. तिच्यातही हाच शिष्टाचार होता, म्हणून त्या दिवशी ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवाल्यांच्या घरात अंधार झाला नाही. आमच्या चाळीतल्या मोठ्या माणसांनी रामायण काळ्यापांढऱ्या पडद्यावरच पाहिलं, आणि त्यांना राम निळा आहे का सावळा याची काही अडचण आली नाही.

इथे एक खरा आक्षेप आहे आणि तो मी टाळू शकत नाही. नव्यानं किती दिवस वाकायचं? ब्रिटनमध्ये १९६४पासून ६२५ रेषांचं नवं प्रक्षेपण सुरू झालं, तरी ४०५ रेषांचं जुनं १९८५पर्यंत सोबत चालू ठेवलं होतं. वीस वर्षं दोन-दोन स्वयंपाक. कधीतरी कोणीतरी ‘आता बास’ म्हणणारच, आणि ते म्हणणं अन्याय असेलच असं नाही. मला स्वतःला पिवळी वायर परत यायला नको आहे. एचडीएमआयवर चित्र स्वच्छ दिसतं हे खरंच आहे.

पण ‘आता बास’ म्हणायच्याही तऱ्हा असतात. अमेरिकेत १२ जून २००९ला मोठ्या टीव्ही केंद्रांचं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं. त्याआधी सरकारनं घरटी दोनपर्यंत, प्रत्येकी ४० डॉलरची कुपनं दिली होती, जुन्या टीव्हीला जोडायची रूपांतराची डबी घेण्यासाठी. बदल आम्हाला हवा आहे, तर त्याचा थोडा खर्चही आमचा, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे मुंबईत २०१२च्या ऑक्टोबरअखेर केबल डिजिटल झाली, तेव्हा सेट टॉप बॉक्सचे पैसे बघणाऱ्यानंच भरले. दोन्हीकडे टीव्ही शेवटी चाललेच. ‘जुळलं का?’ एवढंच विचारलं तर दोन्हींचं उत्तर सारखं येतं. पाच व्होल्ट कुणी दिले हे विचारलं तर येत नाही.

आता माझ्या घराचं सांगते. आई आल्यापासून तिसऱ्या दिवशी मी तिला म्हणाले होते, ‘आई, माझा कॉल असतो तेव्हा कुकर लावू नकोस ना. थोडं जुळवून घे.’ अगदी प्रेमानं म्हणाले होते. माझं टेबल हॉलमध्ये आहे, स्वयंपाकघर त्याला लागून, माझे कॉल सकाळी दहा ते दुपारी दीडच्या दरम्यान कधीही. आईनं दुसऱ्या दिवसापासून वरणभाताचा कुकर पहाटे साडेसहाला लावायला सुरुवात केली. एकदाही कुरकुर नाही. मी मैत्रिणीला सांगितलंही, ‘आई काय मस्त ॲडजस्ट झालीये.’

आई जेवते एक वाजता. पहाटेचा भात.

‘तुला काही त्रास होतोय का?’ असं मी विचारलं असतं तर ती ‘छे गं’ म्हणाली असती, आणि खोटं बोलली नसती. इथे माझी खरी पंचाईत आहे. कोल्ह्याला द्राक्षं आंबट ही गोष्ट आपण फुशारकीची म्हणून सांगतो, पण यॉन एल्स्टर या नॉर्वेजियन विचारवंतानं १९८३मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातला पेच असा, की जे मिळणार नाही ते माणसाला नकोसंच वाटू लागतं, आणि मग त्याच्या ‘नको’चं काय करायचं? अमर्त्य सेन यांनीही हा मुद्दा वेगळ्या बाजूनं पुन्हापुन्हा मांडला आहे. फार काळ थोडक्यात भागवलेली माणसं थोडक्यात समाधानी व्हायला शिकतात, म्हणून त्यांच्या समाधानावरून त्यांचं बरं चाललंय असं ठरवता येत नाही.

वाचायला हे पटतं. पण समोर आई असली की या विचाराला एक कुरूप बाजू दिसते. तिचं ‘राहू दे’ मी खरं मानायचं नाही, तर मग काय मानायचं? तुला काय हवं ते तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं, असं? हे वाक्य तिनं आयुष्यात पुष्कळ ऐकलं आहे, आजीकडून, बाबांकडून. ते आता इंग्रजी पुस्तकाचा आधार घेऊन मी म्हणायचं? कदाचित तिला तो गेम खरंच फक्त बघायचा होता. कदाचित तिला बदकांशी काही देणंघेणं नव्हतं, दुपारचे ते दीड तास आपले होते हे कुणालातरी सांगायचं होतं. आणि कदाचित पन्नास वर्षांच्या सवयीनं तोंडातून ‘राहू दे’ आपोआप आलं. बाहेरून तिन्ही सारखेच ऐकू येतात.

मला याचं उत्तर मिळालेलं नाही. एवढंच सुचलं की विचारत बसण्यापेक्षा आपल्या बाजूचं काहीतरी हलवून पाहावं. ती जुळवून घेत नसेल आणि खरंच नको असेल, तर ते तसंही कळेल.

म्हणून मी टेबल बेडरूममध्ये नेलं. ते तिथे नीट मावत नाही, कपाटाचं एक दार अर्धंच उघडतं, आणि व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे आता इस्त्रीचे कपडे दिसतात. कुकरबद्दल आईला म्हणाले, ‘आता लाव कधीही.’ ती पहिले चार दिवस साडेसहालाच लावत राहिली. पाचव्या दिवशी साडेबाराला शिट्टी झाली. मी काहीच बोलले नाही, तीही नाही.

मग एका रविवारी जुन्या बाजारात गेले. तिथे हार्मोनियमच्या भात्यापासून पंख्याच्या पात्यापर्यंत सगळं मिळतं. दोन फेऱ्यांनंतर चौदा इंची, काचेच्या नळीचा एक टीव्ही सापडला. मागे पिवळं भोक. विकणाऱ्यानं लावून दाखवला आणि विचारलं, ‘कशाला पाहिजे मॅडम? शूटिंगला का?’ हल्ली अशा वस्तू जुन्या काळच्या सिरियलींसाठी भाड्यानं जातात म्हणे. मी म्हटलं, ‘हो, शूटिंगलाच.’ सातशे रुपये आणि रिक्षा. तीन मजले चढवताना खांदा भरून आला. आपण या यंत्रांना किती सहज भिंतीवर टांगतो हे तोवर विसरायला झालं होतं.

आई चिडली. ‘एवढ्यासाठी हा डबा घरात?’ मग फडकं ओलं करून तिनं काच पुसली. पिवळी वायर पिवळ्या भोकात गेली. कुठली डबी नाही, सेटिंग नाही. पहिलं बदक तिच्या दुसऱ्या गोळीला पडलं. दहापैकी चार. ‘पूर्वी आठ पाडायचे,’ ती म्हणाली, आणि बंदूक माझ्याकडे दिली नाही.

तो डबा आता हॉलच्या कोपऱ्यात शू रॅकवर आहे. ती रोज खेळत नाही. आठवड्यातून दोनदा, दुपारी.

परवा माझा कॉल चालू होता. दाराआडून बदकांचं क्वाक क्वाक ऐकू येत होतं, मग कुत्र्याचं हसणं, मग पुन्हा क्वाक. कॉलवर कोणीतरी विचारलं, ‘मागे काय वाजतंय?’ मी म्हटलं, ‘माझी आई गेम खेळतेय.’ थोड्या वेळानं बाहेर एकदम शांत झालं. मला वाटलं, खेळ संपला. कॉल संपवून हॉलमध्ये आले तर ती सोफ्याच्या कडेला बसून, एक डोळा मिटून नेम धरत होती. बदक पडलं, कुत्रा ते हातात धरून वर आला.

‘बोलत होतीस ना,’ ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, ‘म्हणून थोडा बारीक केला.’

मी रिमोट उचलून आवाज वाढवायचं बटण दाबलं. पडद्यावर हिरवी रेघ उमटली. आकडा शून्यावरून एक झाला.